समोशाचा फलक, सुईचा बाजार आणि ताटातली धास्ती

जुलै २०२५ मध्ये नागपूरहून एक बातमी निघाली आणि दोन दिवसांत देशभर पसरली. समोसा, जिलबी, वडापाव यांच्यावर आता सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा लागणार, असं ती सांगत होती. पोहे-जिलबीवर वाढलेलं इंदूर असो की वडापाववर जगणारी मुंबई, सगळीकडे थट्टा सुरू झाली. प्रत्यक्षात प्रकरण एवढं मोठं नव्हतं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २१ जूनला सगळ्या मंत्रालयांना आणि विभागांना एक पत्र पाठवलं होतं. कार्यालयांच्या उपाहारगृहांत, बैठकीच्या खोल्यांत तेल आणि साखरेचे फलक लावा, कोणत्या पदार्थात किती तेल, किती साखर ते लोकांना दिसू द्या, एवढंच त्यात म्हटलं होतं. १५ जुलैला केंद्राने खुलासा केला की कोणत्याही देशी पदार्थावर इशारा छापायला सांगितलेलं नाही आणि गाडीवाल्यांशी या फलकांचा संबंध नाही.

फलक किती ठिकाणी लागले हा वेगळा विषय. त्या दोन दिवसांत लोक कसे बोलले, ते जास्त सांगून जातं. एका बाजूला ‘आमच्या जिलबीला हात लावाल तर याद राखा’, दुसऱ्या बाजूला ‘बरंच झालं, सगळं विषच आहे ते’. पदार्थ एक तर अस्मितेचा झेंडा, नाही तर विष. आठवड्यातून एकदा, भूक लागल्यावर, चवीने खाऊन विसरून जायची गोष्ट म्हणून जिलबीकडे पाहणारं जवळजवळ कुणीच नव्हतं. आरोग्याची मोहीम चालवायची तर नेमकं हेच मधलं ठिकाण लागतं, आणि तेच आपल्या हातून सुटत चाललंय.

मोहीम चुकीची आहे असं मुळीच नाही. आरोग्य मंत्रालयाच्या त्या पत्रात अंदाज दिला होता की २०५० पर्यंत देशात ४४.९ कोटी लोक जादा वजनाचे किंवा लठ्ठ असतील. त्याआधी २३ फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी महिन्याचं तेल १० टक्क्यांनी कमी करण्याचं आवाहन केलं होतं. आयसीएमआर-इंडियाब या पाहणीचे २०२३ मध्ये आलेले आकडे तर झोप उडवणारे होते. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर. राज्यांच्या यादीत सगळ्यात वर गोवा, तिथे २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह. म्हणजे पणजीत किंवा मडगावात चार माणसं चहाला बसली, तर त्यांतल्या एकाने बिनसाखरेचा मागवायला हवा. त्याला स्वतःला ते ठाऊक असतंच असं नाही.

प्रश्न आहे तो या धोक्याचं आपण काय केलं याचा. रक्तातली साखर, रक्तदाब, यकृतावरची चरबी, जिना चढताना लागणारी धाप, असा सगळा व्यापक विषय घरात येईपर्यंत एका आकड्यावर येऊन थांबतो: वजन किती? आणि मग तो आकडा रोगाचा राहत नाही, माणसाचा होतो. वजन वाढलं तो आळशी, खादाड. वजन उतरलं तो शिस्तीचा, कौतुकाचा.

बारीक म्हणजे निरोगी?

हा आकडा आपल्या लोकांच्या बाबतीत किती फसवा आहे, हे जगाला ज्यांनी दाखवलं ते पुण्याचेच. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशोबातलं वजन, अगदी सारखा: २२.३. दोघंही दिसायला बारीक. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. वजनकाट्याला ही तफावत कधीच कळली नसती.

याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू. चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून होती. बारीक, तरी चरबीयुक्त. मोठेपणी पोट सुटून मधुमेह होण्याची तयारी आईच्या पोटातच सुरू होते, हा विचार या कामातून पुढे आला. २००८ मध्ये याच चमूने दाखवलं की गरोदरपणी आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर मुलाच्या सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं जास्त दिसतात. शाकाहारी घरांनी तर हे दोनदा वाचावं.

म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. युरोपीय माणसाला हीच रेघ २५ आणि ३० वर असते. कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं मानतात. हा बीएमआयसुद्धा मुळात वैद्यकाचा नव्हेच. बेल्जियमच्या केटले नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात ‘सरासरी माणूस’ शोधण्यासाठी तो हिशोब मांडला. मोठ्या लोकसंख्येकडे पाहायला तो ठीक आहे. समोर बसलेल्या एका बाईचं आरोग्य त्यावरून सांगायला तो अपुरा पडतो.

आता आपल्या वाचकांच्या राज्यांकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, गोव्यात ३६ टक्के बायका जादा वजनाच्या निघाल्या. कर्नाटकात ३० टक्के. महाराष्ट्रात २३ टक्क्यांच्या थोडं वर. मथळे इथेच संपतात. पण त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळजवळ २१ टक्के बायकांचं वजन असायला हवं त्यापेक्षा कमी होतं आणि ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. गुजरातेत जादा वजनाच्या बायकांपेक्षा कमी वजनाच्या बायका जास्त आहेत, आणि रक्त कमी असलेल्या ६५ टक्के. वजनाने ‘खात्यापित्या घरच्या’ दिसणाऱ्या गोव्यातसुद्धा रक्तक्षयाचा आकडा ३९ टक्के आहे. एकाच गल्लीत, कित्येकदा एकाच घरात, एकीला जास्त होतंय आणि दुसरीला पुरत नाहीय. कधी तर एकाच बाईला दोन्ही: पोट सुटलेलं आणि रक्त नऊ. ‘सगळ्यांनी कमी खा’ हा सल्ला या घरात कुणाला द्यायचा?

‘तब्येत झाली’ ते ‘सुटलीस’

मराठी भाषेत याचा इतिहास साठलाय. ‘तब्येत कशी आहे?’ म्हणजे प्रकृती कशी आहे. पण ‘चांगली तब्येत झालीय हो’ म्हणजे अंग भरलंय. एकाच शब्दात प्रकृती आणि लठ्ठपणा दोन्ही बसले, कारण कित्येक पिढ्या अंग भरणं म्हणजे घरात पोटभर असणं होतं. बाळाला बाळसं, लग्नानंतर मुलीने धरलेलं अंग, माहेरी आल्यावर ‘वाळलीस गं, सासरी खायला देत नाहीत का?’ ही सगळी काळजी खरी होती. दुष्काळ, प्लेग, रेशनच्या रांगा पाहिलेल्या माणसांची होती.

आता तीच आत्या, तीच मावशी लग्नाच्या मांडवात म्हणते, ‘अगं, किती सुटलीस!’ आणि दहा मिनिटांनी पंगतीत आग्रह करते, ‘एवढीशी जिलबी घे, माझी शपथ.’ दोन्ही वाक्यं प्रेमाने म्हटलेली. ऐकणाऱ्या पोरीने मात्र करायचं काय? नाही म्हटलं तर मान राखला नाही, हो म्हटलं तर पुढच्या लग्नात आणखी एक टोमणा. वजनावरून बोलणं हा आपल्याकडे अपमान मानलाच जात नाही, ती ख्यालीखुशाली असते. तरुण मुलगेही यातून सुटलेले नाहीत. त्यांना ‘काडी पैलवान’ ऐकावं लागतं आणि मग व्यायामशाळेत डब्यातली पावडर विकणारा माणूस त्यांचा आहारतज्ज्ञ होतो.

आग्रह कमी करावा हे तर खरंच. त्याहून सोपी आणि फुकटची सुधारणा म्हणजे भेटल्या भेटल्या माणसाच्या अंगावर बोलणं बंद करणं. कुठल्याही सरकारी योजनेची त्याला गरज नाही.

दोन तास की दोनदा

गेल्या दहाएक वर्षांत मराठी घरांत आहारावरून जेवढे वाद झाले, तेवढे राजकारणावरूनही झाले नसतील. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांतून घेतलेलं सूत्र त्यांनी घरोघर नेलं: दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचं. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर: दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, तूप खा, भात खा, आजी खायची ते खा. दीक्षितांना राज्य सरकारने लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे सदिच्छादूत केलं तेव्हा वाद आणखी रंगला. बेळगाव, बडोदा, हैदराबादच्या मराठी घरांत दोन्ही पंथांची माणसं एकाच टेबलावर सापडतात. सासरे दोनदा जेवणारे, सून दर दोन तासांनी, आणि स्वयंपाक दोघांचाही एकीनेच करायचा.

दोघांनीही लोकांना ताटाकडे पाहायला लावलं, हे त्यांचं श्रेय. कित्येकांची साखर उतरली, पाकिटातला खाऊ कमी झाला, चालणं सुरू झालं. अडचण पंथ झाल्यावर सुरू होते. छप्पन्नाव्या मिनिटाला खाल्लेलं केळं पाप ठरतं. हळदीकुंकवाला दिलेला तिळगूळ पदराला बांधून घरी येतो आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडात जातो. चीनमधल्या ग्वांगझू इथे लठ्ठ रुग्णांवर वर्षभर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ठरावीक तासांतच खाणारे आणि दिवसभरात तेवढंच मोजून खाणारे, या दोन गटांच्या उतरलेल्या वजनात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. घड्याळापेक्षा, माणसाला वर्षभर निभेल असं काय आहे, हेच शेवटी महत्त्वाचं ठरतं.

ते निभत का नाही याचं उत्तर ऐंशी वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपला पुन्हा जेवू कसं घालायचं ते शिकण्यासाठी हा प्रयोग होता. त्या पोरांना दिवसाला सुमारे १,६०० कॅलरी मिळत, आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालावं लागे. त्यांचं वजन जवळपास पाव भागाने उतरलं. पण कीज यांच्या नोंदींत त्याहून भरून आहे ते त्यांच्या मनाचं वर्णन. पोरं दिवसभर जेवणाचंच बोलू लागली, पाककृतींची पुस्तकं वाचू लागली, ताटं चाटू लागली. चिडचिडी झाली, मित्रांपासून तुटली. आणि पोटभर मिळू लागल्यावर कित्येकांना थांबताच येईना.

आज आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरणारे कित्येक आहारतक्ते १,२०० कॅलरींचे असतात. ते पाळणारी बाई रात्री अकराला स्वयंपाकघरात उभी राहून फरसाणाचा डबा रिकामा करते आणि स्वतःला ‘मनाने कमकुवत’ म्हणते. तिचं मन कमकुवत नसतं. शरीराने उपासमार ओळखलेली असते आणि ते आपलं काम करत असतं. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या माणसांनी उगीच नाही केली.

उपवासाचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक. श्रद्धेने केलेला उपवास ही एक गोष्ट. पण ‘आज माझा उपवास आहे’ हे वाक्य घरात कुणी उलटून विचारत नाही, त्यामुळे खाणं टाळणाऱ्या मुलीला ते आडोशासारखं उपयोगी पडतं. चतुर्थी, मग गुरुवार, मग शनिवार असे वार वाढत गेले, पाळी अनियमित झाली, जेवणाच्या वेळी ती घरात नसायला लागली, काही खाल्लं की लगेच ‘फेडण्यासाठी’ व्यायाम करू लागली, तर ते व्रत राहिलेलं नाही. खाण्याचे मानसिक आजार ही श्रीमंतांची किंवा परदेशातली थेरं आहेत असं आपल्याकडे अजून समजतात. मानसिक आजारांत सर्वाधिक जीवघेण्या आजारांपैकी हे आहेत. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही राज्यातून चालतो, पैसे लागत नाहीत आणि तिथे अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. बारीक होत चाललेल्या मुलीचं कौतुक करण्याआधी तो क्रमांक घरात माहीत असलेला बरा.

सुई स्वस्त झाल्यावर

या सगळ्यात २०२५ पासून एक नवा खेळाडू आला. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं भारतात विकायला आली. मौंजारोच्या सगळ्यात कमी मात्रेच्या एका कुपीची किंमत तेव्हा साडेतीन हजार रुपये होती, म्हणजे महिन्याला चौदा हजार. एवढ्या पैशांत हा विषय मोठ्या शहरांतल्या मोजक्या लोकांपुरता राहिला. मार्च २०२६ मध्ये वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपलं आणि देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. आता तालुक्याच्या गावातला औषध दुकानदारही या नावांना सरावेल.

ही इंजेक्शनं म्हणजे थोतांड नाही. मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या जवळपास वजन उतरवलं. ज्याची साखर आटोक्यात येत नाही, ज्याचे गुडघे वजनाने गेलेत, ज्याच्या हृदयाला धोका आहे, त्याला डॉक्टरांनी हे औषध दिलं तर त्यात कमीपणा कसला? ‘मनावर घेतलं असतं तर औषध लागलं नसतं’ असं त्याला ऐकवणारे लोक मधुमेहाच्या गोळीबद्दल तसं म्हणत नाहीत. उलट या औषधांनी एक गोष्ट सिद्धच केली: भूक ही बरीचशी संप्रेरकांची गोष्ट आहे, चारित्र्याची नव्हे.

पण त्याच औषधाचा पुढचा अभ्यास विक्रेते सांगत नाहीत. इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोनतृतीयांश भाग परत आला. उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि आपल्या माणसांच्या अंगात स्नायूंची शिल्लक जन्मापासूनच कमी, हे पुण्याच्या सहा गावांनी दाखवलंय. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२५ मध्ये लठ्ठपणासाठी या औषधांना सशर्त मान्यता दिली, तीही आहार आणि व्यायामाच्या सोबतीने. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायला परवानगी नाही. प्रत्यक्षात लग्नाला दोन महिने उरलेत म्हणून सात किलो उतरवायचेत, अशा गिऱ्हाइकासमोर दुकानदार चिठ्ठी मागेल का, हा ज्याचा त्याने ओळखायचा प्रश्न. अन्न व औषध प्रशासनांनी लक्ष घालायला हवं ते इथे. निरोगी पण थोड्या जाड मुलीने हे औषध घ्यावं म्हणून घरातूनच दबाव येऊ लागला, तर मांडवातला टोमणा आता सुईच्या टोकाला येऊन बसला असं म्हणावं लागेल.

मग ताटात काय?

इंडियाब पाहणीच्याच आहाराच्या भागाने २०२५ मध्ये एक साधी गोष्ट सांगितली. भारतीयांच्या रोजच्या कॅलरींपैकी ६२ टक्के धान्य, साखर अशा पिष्टमय पदार्थांतून येतात. नुसता भात सोडून पोळी किंवा भाकरी धरली तर धोका कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. पिष्टमय पदार्थांतल्या ५ टक्के कॅलरींच्या जागी डाळी, दूध-दही यांची प्रथिनं आली, तेव्हा मात्र तो कमी दिसला. म्हणजे बेळगावच्या भाकरीने गोव्याच्या भाताला नावं ठेवायचं कारण नाही. दोघांच्याही ताटात उसळ, पिठलं, दही, अंडं, मासळी यांची वाटी थोडी मोठी आणि धान्याचा ढीग थोडा लहान व्हायला हवा. त्यात ओट्स, किन्वा, परदेशी बिया कुठेच येत नाहीत. कुळथाचं पिठलं आणि बांगड्याचं हुमण कुणी ‘सुपरफूड’ म्हणून विकत नाही, एवढाच त्यांचा दोष.

ही वाटी मोठी व्हायची कुणाची, हेही बघायला हवं. पंगत उठल्यावर उरलेल्या आमटीत भात कालवून जेवणाऱ्या बाईच्या ताटात डाळ खाली गेलेली असते आणि पाणी वर. अंडी घरात येतात ती मुलांच्या नावाने. शेवटी जेवायची ही रीत मोडणं हा कुठल्याही आहारतक्त्यापेक्षा मोठा उपाय आहे, कारण तिच्या अंगातलं रक्त आणि पुढच्या पिढीचे स्नायू तिथेच ठरतात.

मोजायचं असेल तर वजनाऐवजी दुसरं बरंच काही मोजता येतं. तीन महिन्यांची सरासरी साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन, कंबर. जमिनीवरून हात न टेकता उठता येतं का. झोप लागते का. आणि हे मात्र कुठल्याही प्रयोगशाळेत मोजता येणार नाही: गणपतीत एक मोदक खाल्ल्यावर संध्याकाळपर्यंत तोच डोक्यात घोळतो का, की ताट उचललं आणि विषय संपला. मधुमेह असलेल्या माणसाला मोदक मोजावाच लागतो, त्यात पळवाट नाही. पण एक मोजून खाणं वेगळं आणि तो खाल्ला म्हणून स्वतःला दोन दिवस उपाशी ठेवणं वेगळं. वर्षाला दिवाळीचे चार-पाच दिवस येतात. साखर बिघडते ती उरलेल्या तीनशे साठ दिवसांनी.

त्या तीनशे साठ दिवसांत कारखान्यातून पाकिटात भरून येणारं जे खाल्लं जातं, त्यावर सरकारचा हात मात्र हळू चालतो. पाकिटाच्या पुढच्या बाजूला साखर, मीठ, चरबीचा ठळक इशारा असावा, ही मागणी जुनी आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबतच्या शिफारशी तीन महिन्यांत द्यायला सांगितलं, जुलैत आणखी तीन महिने वाढवून दिले. समोशाचा फलक एका पत्राने निघाला. बिस्किटाच्या पुड्याला तारखा लागतात, कारण समोसेवाल्याला वकील नसतो.

आणि तो इशारा कधी छापला गेलाच, तर कोणत्या भाषेत? सध्याच्या नियमाप्रमाणे पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की पुरे, बाकी भाषा कंपनीच्या मर्जीवर. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्क्यांवर असेल तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असं राज्यांनी १९६१ मध्येच मान्य केलं होतं. सीमाभागातला माणूस हे कलम पाठ सांगतो, कारण दाखले आणि उतारे यांसाठी त्याने ते वर्षानुवर्षं मांडलंय. दवाखान्यातल्या आहाराच्या कागदासाठी ते अजून कुणी मांडल्याचं ऐकिवात नाही. साठीच्या आजींच्या हातात इंग्रजी तक्ता येतो, त्यात त्यांच्या चुलीवरचा एकही पदार्थ नसतो. मग घरातली शाळकरी नात तो त्यांना वाचून दाखवते. काय खायचं नाही ते सगळं आजींना समजतं. काय खायचं, ते मात्र त्या कागदावर नसतं.